चांगलं कोलेस्टेरॉल आणि बोरकुटे डॉक्टर

बोरकुटे डॉक्टरांच्या दवाखान्यातून बाहेर पडणाऱ्या पेशंटच्या हातात औषधाची चिठ्ठी असायची आणि चेहऱ्यावर गोंधळ. चिठ्ठी लिहून झाली की डॉक्टर पेनाला टोपण लावायचे, खुर्चीत मागे रेलायचे आणि समोरच्याकडे अगदी आपुलकीनं बघत म्हणायचे, "हे घेऊन तर पाहू. पण खरं सांगू का, मले अजून काही समजून नाही राहिलं."

आता मला सांगा, डॉक्टरनं असं बोलायचं असतं का? माणूस बिचारा दुखणं घेऊन येतो, कोणीतरी जाणता आपल्याला दोन शब्द ठामपणे सांगेल म्हणून येतो. हे ऐकून घरी गेल्यावर त्यानं बायकोला काय सांगायचं? मी डॉक्टरांना शंभरदा म्हटलं असेल, की मनात ठेवा ना, तोंडानं कशाला बोलता? ते ऐकून घ्यायचे, मान डोलवायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

सक्करदऱ्याला तळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर खाली त्यांचा दवाखाना होता आणि वरच्या दोन खोल्यांत माझी रक्त-लघवी तपासायची लॅब. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. मी बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी. केलेली, आकड्यांवर विश्वास असलेली बाई. माझ्या जिभेला हाड नाही, असं माझी आई म्हणायची. रिपोर्टवर आकडा लिहिला, खाली सही केली, की माझ्यापुरता विषय संपायचा. डॉक्टरांचा तिथून सुरू व्हायचा. रिपोर्ट हातात घेऊन धापा टाकत जिना चढायचे आणि दारातूनच विचारायचे, "मालती, साखर वाढली हे तर दिसून राहिलं. पण काहून वाढली वं?" मला काय ठाऊक? मी तर त्या माणसाला पाहिलेलंही नसायचं, त्याचं नुसतं रक्त माझ्याकडे आलेलं असायचं.

उंच, जरा पोक काढून चालणारा माणूस. बुशशर्टाची बटणं बहुतेक वेळा एक घर चुकवून लावलेली. नाडी बघताना डोळे मिटायचे आणि तोंड उघडं पडायचं. नवा पेशंट ते पाहून हबकायचा, आपलं काही खरं नाही असं त्याला वाटायचं. मेडिकल कॉलेजच्या ग्रंथालयातून ते परदेशी मासिकं आणायचे, तीही कैक महिन्यांची जुनी, आणि दुधाच्या रांगेत उभ्यानं वाचायचे. वाचताना माणसं महत्त्वाच्या ओळीखाली रेघ मारतात. हे न समजलेल्या ओळीखाली मारायचे. मासिक परत जायचं तेव्हा पानंच्या पानं पेन्सिलीनं भरलेली असायची, आणि तिथला ग्रंथपाल त्यांच्या नावानं बोटं मोडायचा.

पण लोक त्यांना ओळखायचे ते तेरवीवरून, म्हणजे तेराव्याच्या जेवणावरून. पेशंट दगावला, की बोरकुटे डॉक्टर त्याच्या तेरवीला हजर. बोलावणं असो नसो. एरवी डॉक्टर मंडळी पेशंट गेल्यावर काही दिवस त्या गल्लीतून स्कूटर न्यायचंसुद्धा टाळतात. हे गृहस्थ पंगतीत बसायचे, पुरी, भाजी, बुंदी नीट मागून घेऊन जेवायचे आणि हात धुऊन झाले की घरच्यांजवळ सरकून विचारायला लागायचे. शेवटच्या आठवड्यात झोप कशी होती? जिना चढताना मध्येच थांबायचे का? जेवणात मीठ कमी आहे असं म्हणायचे का? विनाकारण चिडायचे का?

पहिल्यांदा लोकांना हे भलतंच वाटायचं. एका घरी तर मयताच्या जावयानं त्यांना उठायला सांगितलं होतं. माणूस गेला, आता कसली तपासणी करता, असं तो म्हणाला. डॉक्टर उठले, चपला घातल्या आणि दारातून म्हणाले, "आज नाही विचारलं तर पुढच्याच्या वेळी मले कसं समजन?" मग त्या जावयानंच त्यांना पुन्हा आत बसवलं आणि सासऱ्याच्या दुखण्याबद्दल इतकं बोलला, की शेवटी घरच्यांना त्याला थांबवावं लागलं. पुढे पुढे तर लोकांना सवयच झाली. डॉक्टरांना उशीर झाला तर बायका म्हणायच्या, थांबा जरा, बोरकुटे डॉक्टर यायचे आहेत, पंगत कशी बसवता?

मला हे काही पटायचं नाही. तुम्ही तिथं जाता म्हणजे चूक तुमचीच होती असं लोकांना वाटतं, असं मी त्यांना बोलून दाखवायची. त्यावर ते विचारात पडायचे आणि म्हणायचे, असेलही माझी, तेच तर पाहायला जातो. अशा माणसाशी भांडण तरी कसं करायचं?

मग आमच्याकडे ते चांगलं कोलेस्टेरॉल आलं. म्हणजे लोकांच्या अंगात ते जन्मापासून होतंच, मोजायची सोय माझ्याकडे तेव्हा झाली. तोवर कोलेस्टेरॉल म्हटलं की वाईट, एवढंच लोकांना माहीत. आता कळलं की त्यात दोन तऱ्हा आहेत. एक रक्तवाहिनीच्या भिंतीत साचून वाट अडवणारं, आणि दुसरं तिथली चरबी उचलून लिव्हरपर्यंत पोचवणारं. रक्तातलं पिवळं पाणी वेगळं काढायचं, त्यात एक रसायन टाकायचं, मशीनमध्ये गरागरा फिरवायचं. वाईट सगळं साका होऊन तळाला बसतं. वरची निवळी अलगद काढून घ्यायची आणि तिच्यातलं चांगलं मोजायचं. इतकं नेटकं काम, की मला ते करताना गाणं म्हणावंसं वाटायचं.

चांगलं जितकं जास्त तितका हृदयाचा धोका कमी, असं मासिकांत येत होतं, आणि बहुतेकांच्या बाबतीत ते दिसतही होतं. पण आमच्या सक्करदऱ्याच्या लोकांनी त्याची दहावीची परीक्षाच करून टाकली. "तुले किती पडले?" असं एकमेकांना विचारायला लागले. साठच्या वर मिळालेला माणूस पानठेल्यावर छाती काढून उभा राहायचा आणि चाळीसच्या आतला मान खाली घालून पुढे सटकायचा. एक बाई तर माझ्याकडे येऊन म्हणाल्या, की जरा सांभाळून तपासा ना, व्याही बघणार आहेत रिपोर्ट. मी त्यांना काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

या परीक्षेत पहिले आले ते उमरेडचे रामाजी धकाते. हातमागाच्या सुताचा त्यांचा धंदा, त्या कामासाठी नागपूरला नेहमी येणं-जाणं. डॉक्टर आणि ते शाळेत एका बाकावर बसलेले. त्या दिवशी बरोबर थोरले भाऊ नामदेवराव होते. दोघांचं रक्त मी एकाच सकाळी काढलं. नामदेवरावांचं चांगलं कोलेस्टेरॉल अगदी तळाला गेलेलं आणि रामाजींचं ऐंशीच्या वर. माझा विश्वास बसेना, म्हणून मी पुन्हा केलं. तेच आलं.

रामाजींना आनंदानं काय करू आणि काय नको असं झालं. जन्मभर घरात थोरल्याचं ऐकत आलेला माणूस, आज एका गोष्टीत त्याच्या पुढे गेला होता. खाली जाऊन पेढे घेऊन आले, माझ्या लॅबमध्ये सगळ्यांना वाटले, रक्त द्यायला बसलेल्या उपाशी पेशंटलासुद्धा आग्रह करत होते. पुढच्या खेपेला एकुलता एक मुलगा किशोर, त्यालाही तपासायला घेऊन आले. त्याचंही बापासारखंच भरपूर निघालं. पुन्हा पेढे.

रामाजींचा एक गाल कायम खर्ऱ्यानं फुगलेला असायचा. तंबाखू, सुपारी, चुना, सगळं घोटून केलेला तो खर्रा त्यांना जेवणापेक्षा प्यारा. शिवाय त्यांची साखरही हळूहळू चढायला लागली होती. डॉक्टर भेटतील तेव्हा त्यांना त्यावरून रागवायचे. त्या पेढ्यांच्या दिवशी मात्र रामाजींनी सौदाच केला. म्हणाले, चांगलं एवढं उरून राहिलं आहे, तर थोडा खर्रा त्यातून वजा करून टाक. डॉक्टरांनी रिपोर्ट पुन्हा पाहिला. मग पेढा तोंडात टाकून ते खळखळून हसले.

"अबे रामाजी, तुले हृदयाचं भेव नाही. खाय," ते म्हणाले.

मी तिथंच होते. त्या माणसाला कधी नव्हे ते काहीतरी नक्की समजलं होतं आणि त्यामुळे तो किती हलका झाला होता, हे मला अजून दिसतं. मला तर बरंच वाटलं. म्हटलं, सुटले डॉक्टर एकदाचे.

नामदेवरावांना मात्र त्यांनी चांगलंच भेवाडलं. मटण बंद, खर्रा बंद, सकाळी चालायला जा. ते बिचारे सावजीच्या खानावळीत भावासमोर बसून कोरडी पोळी चावायचे आणि रामाजी रश्श्यात बोटं बुडवून त्यांच्याकडे बघून हसायचे.

पुढच्या उन्हाळ्यात रामाजी गेले. दुकानात सुताचं गाठोडं उचलताना छातीत दुखलं, घाम फुटला. गॅस झाला म्हणून सोडा प्यायले. थोडं बरं वाटलं, पुन्हा दुखलं, पुन्हा सोडा. बायको सुभद्राबाई मागे लागल्या होत्या, की नागपूरला जाऊन दाखवून या. रामाजींनी त्यांना वेड्यात काढलं. बोरकुट्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलंय, माझ्या हृदयाला काही होत नाही, असं म्हणाले. दोन-तीन दिवस हे असंच चाललं, आणि एका दुपारी गल्ल्यावर बसल्या बसल्या त्यांची मान खाली गेली.

बातमी आली तेव्हा डॉक्टर वर माझ्याकडे आले. स्टुलावर बसून त्यांनी रामाजींचा जुना आकडा पुन्हा काढायला लावला आणि तो नुसता बघत राहिले. मग विचारलं, मशीन बिघडलं होतं का? नव्हतं. दुसऱ्याचं रक्त त्याच्या नावावर गेलं का? नाही, मी स्वतः दोनदा केलं होतं. खरं तर मलाही तेच हवं होतं, की माझी काहीतरी चूक निघावी. चूक निघाली असती तर निदान कोडं सुटलं असतं.

तेरवीला मीही उमरेडला गेले, कारण पेढे मीही खाल्ले होते. अंगणात मांडव, पंगत बसलेली. थोरले नामदेवराव समोरच बसलेले, चालून चालून सडसडीत झालेले, आणि आपण जिवंत आहोत याचीच लाज वाटत असल्यासारखे. किशोर डोकं भादरून पाणी वाढत होता. डॉक्टरांनी त्या दिवशी काही मागून घेतलं नाही. हात धुतले आणि खांबाला टेकून बसून राहिले. नेहमीचे प्रश्न त्यांच्या तोंडून निघेनात.

शेवटी सुभद्राबाईच आल्या. त्यांच्यासमोर खाली बसल्या आणि म्हणाल्या, "डाक्टरसाहेब, तुमी सगळ्यायले इचारता म्हणे. आज मी इचारतो. ह्यायचं चांगलं इतकं भरपूर होतं, ते गेले. भासऱ्यायचं कमी, ते हायत." त्यांनी थोरल्या दिराकडे हात केला. "काहून?"

डॉक्टर म्हणाले, "वहिनी, मले समजून नाही राहिलं."

"आन किशोरचं बी बापासारखंच भरपूर हाये. त्यानं मी हासू का रडू?"

"तेही नाही समजत."

"मंग ह्यायले भेव नाही असं कसं म्हणलं तुमी?"

कोणीतरी मागून पुटपुटलं, मग कायचे डॉक्टर. सुभद्राबाई रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत, पदर सावरून उठल्या आणि बायकांची पंगत बघायला गेल्या. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. माझी मान वर होत नव्हती.

परत यायला आम्ही एसटी स्टँडवर आलो. ऊन नुसतं भाजून काढत होतं. स्टँडवर गाड्याच गाड्या उभ्या, पण आम्हाला नागपूरला नेणारी एकही नाही. एका गाडीचा ड्रायव्हर जेवायला गेलेला, दुसरीचं टायर बसलेलं, तिसरी रिकामीच निघाली आणि फाट्यावर ताटकळलेल्या माणसांना न घेता धूळ उडवत गेली. मी चौकशीच्या खिडकीशी जाऊन दोनदा भांडून आले. डॉक्टर मात्र उभ्या गाड्यांकडे बघत होते. नाडी बघताना व्हायचं तसं त्यांचं तोंड उघडं पडलं होतं.

"मालती," ते म्हणाले, "गाड्या किती दिसून राहिल्या?"

मी चिडून म्हटलं, भरपूर.

"आन माणसं किती पोचून राहिली?"

मग ते आपल्याशीच बोलल्यासारखे बोलायला लागले. चांगल्या कोलेस्टेरॉलचं काम काय, तर वाटेतली चरबी उचलायची आणि नेऊन टाकायची. आपण काय मोजलं? रक्तात ते किती आहे. ते उचलतं की नाही, हे कोणी पाहिलं? रामाजीचा तो खर्रा, ती साखर, त्यानं त्याच्या भरपूर गाड्या आतल्या आत नादुरुस्त होऊन बसल्या असतील तर? आणि नामदेवच्या थोड्या असतील, पण इमानानं फेऱ्या मारत असतील तर?

माझ्या कामाला कोणी नाव ठेवलं की मला सहन होत नाही. मी म्हटलं, माझं मशीन खोटं बोलत नाही.

"खोटं नाही वं बोलत. आपण त्याले हे विचारलंच नाही."

मग हे विचारायचं कसं, उचलतं की नाही ते मोजायचं कसं, असं मी विचारलं. डॉक्टरांनी मान हलवली. तशी तपासणी नव्हतीच कुठं, निदान आमच्या माहितीत. थोड्या वेळानं स्वतःच म्हणाले, की हेही चूक असेल. नामदेव चालतो, खर्रा सोडला, म्हणूनही वाचला असेल. कदाचित आणखी तिसरंच काही असेल. मला वाटलं होतं की एवढं बोलल्यावर तरी ते काहीतरी ठरवतील. पण गाडीत बसेपर्यंत ते आणखीच गोंधळले होते, आणि त्यांच्याबरोबर मीही. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये तीच निवळी काढताना पहिल्यांदाच माझ्या मनात आलं, की आपण नेमकं काय मोजतो आहोत?

त्यानंतर त्यांनी किशोरचा ध्यासच घेतला. किशोर तिशी ओलांडलेला, दोन लहान लेकरांचा बाप, दुकान आता त्याच्यावर. डॉक्टर त्याला निरोपावर निरोप धाडायचे, बोलावून घ्यायचे, छाती तपासायचे, ईसीजीची पट्टी काढायचे, तोंड उघडायला लावून खर्ऱ्याचा वास येतो का पाहायचे. किशोर वैतागायचा. त्याला एकच उत्तर हवं होतं, मी सुरक्षित आहे की नाही? आणि ते सोडून डॉक्टर त्याला सगळं सांगायचे.

"तुह्या रिपोर्टातलं चांगलं मी धरतच नाही आता," ते एकदा त्याला म्हणाले. "ते असंल कामाचं, नसंलही. तू खर्रा सोड, साखर सांभाळ. बाकी मले नाही सांगता येत."

किशोर तडकला. माझ्या बापाच्या वेळी सांगता आलं, माझ्या वेळी नाही येत, असं तो म्हणाला आणि निघाला. डॉक्टर त्याच्या मागे रस्त्यापर्यंत गेले. मी वरच्या खिडकीतून ऐकत होते. ते त्याला म्हणाले, "नको येऊ माह्याकडे. पण कधी छाती भरून आली, तर सोडा नको पिऊ आन रिपोर्ट नको पाहू. कोनाकडेही जाजो, पण त्याच वेळी जाजो."

मग किशोर सीताबर्डीतल्या एका नव्या डॉक्टरांकडे जायला लागला, असं कानावर आलं. काचेची केबिन, कूलर, टाय. त्यांनी रिपोर्ट पाहिला आणि एका वाक्यात सांगितलं, एकदम फर्स्टक्लास, तुम्हाला काही होत नाही. याला म्हणतात डॉक्टर, असं तेव्हा मलासुद्धा वाटलं. किशोरनं खर्रा पुन्हा धरला. सुभद्राबाई एकदा माझ्याकडे येऊन बसल्या. त्यांना पोराचा आनंद दिसत होता आणि झोप लागत नव्हती. दोघांपैकी कोणाचं खरं मानू, असं त्या मला विचारत होत्या. मी काय सांगणार? माझ्याजवळ फक्त आकडा होता, आणि आकडा तर टायवाल्या डॉक्टरच्या बाजूनं होता.

दोन-एक वर्षं गेली असतील. एका सकाळी दवाखान्याच्या दारात ऑटो येऊन थांबला आणि आतून किशोर उतरला. शर्ट घामानं अंगाला चिकटलेला, हात छातीवर. सीताबर्डीत एका दुकानात माल द्यायला आला होता, तिथंच छाती भरून आली. दुकानदारानं सोडा मागवला. काचेची केबिन रस्ता ओलांडला की समोर. पण किशोरनं सोड्याची बाटली तशीच ठेवली, समोर न जाता ऑटो केला आणि तो सक्करदऱ्याला आला. इतक्या लांब येणं हाही एक वेडेपणाच, पण आला. डॉक्टरांनी त्याच्या जिभेखाली गोळी ठेवली, ऑटोवाल्याला "चाल गा, मोठ्या दवाखान्यात" म्हणाले आणि त्याच ऑटोत त्याला मांडीवर आडवा घेऊन बसले. दवाखान्यातले पेशंट तसेच बसलेले. मी वरून पळत आलेली, पुढे ड्रायव्हरजवळ अर्ध्या सीटवर. रस्ताभर डॉक्टर त्याला एकही प्रश्न विचारत नव्हते, नुसती त्याची नाडी धरून होते.

किशोर वाचला. झटका मोठा होता, पण वेळेत पोचला, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. तिथं त्याचं रक्त पुन्हा तपासलं गेलं. चांगलं कोलेस्टेरॉल अजूनही भरपूर.

पुढे बोरकुटे डॉक्टर थकले, दवाखाना बंद करून लेकीकडे राहायला गेले. त्याआधी मी त्यांना रोजच पाहत होते, पण आठवण काढली की डोळ्यांसमोर येतात ते किशोरला भेटायला गेलो त्या सकाळचे. लांबलचक वॉर्ड, कडेच्या खाटेवर किशोर, उशाशी स्टुलावर सुभद्राबाई मोसंबी सोलत बसलेल्या. डॉक्टरांनी जाऊन त्याच्या पायावर हात ठेवला. किशोर पार उतरला होता. सगळा ताठा गेला होता. लहान पोरासारखा त्यांच्याकडे बघत त्यानं विचारलं, "डाक्टरसाहेब, आता तरी सांगा. आता पुढं काही नाही ना होनार मले?"

मी मागून डॉक्टरांचा शर्ट ओढला. म्हटलं, देवा, आज एकदा तरी या माणसाला खोटं बोलू दे. एवढं मरणाच्या दारातून आलेलं लेकरू विचारतं आहे, नाही होणार म्हटलं तर काय बिघडतं? डॉक्टरांच्या तोंडापर्यंत ते आलं होतं, मला दिसत होतं. त्यांचे ओठ हलले. मग ते म्हणाले, "मले नाही माहीत, बेटा."

आणि सुभद्राबाई हसल्या. रामाजी गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. पदर तोंडावर धरला तरी त्यांना ते आवरेना, आणि डोळ्यांतून पाणीही वाहत होतं. "राहू द्या, डाक्टरसाहेब," त्या म्हणाल्या. "तुमाले समजलं होतं, तवा ह्याचा बाप तुमच्याकडं आला नाही. तुमाले नाही समजलं, म्हणून हा आला."

डॉक्टर त्यांच्याकडे बघत राहिले. सोललेल्या मोसंबीची एक फोड सुभद्राबाईंनी त्यांच्या हातावर ठेवली, ती त्यांनी खाल्ली. बाहेर व्हरांड्यात आल्यावर ते जिन्याशी थांबले आणि माझ्याकडे वळले.

"मालती, ते वहिनी हसली काहून वं?"

मला माहीत होतं. सांगायचंही होतं. पण हे त्यांनी तिथूनच ऐकावं असं वाटून, एरवी दिवसभर तोंड चालवणाऱ्या मी नुसतं वॉर्डाकडे बोट केलं. मग डॉक्टर सुभद्राबाईंनाच विचारायला परत वॉर्डात गेले.